पाच एकरांनी घालवलं, पंचवीस एकरांनी राखलं: मॉन्टगोमेरी काउंटीचं प्रकरण

अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या जर्मनटाउनला मावसभावाकडे राहायला गेलो होतो. रविवारी तो म्हणाला, चल, भोपळे बघून येऊ. घरापासून पंधराएक मिनिटं गाडी चालवली असेल. सिग्नल, पेट्रोल पंप, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा, सगळं एकदम संपलं. आपल्याकडे शहर संपता संपत नाही, आधी वीटभट्ट्या, मग गोडाऊनं, मग प्लॉटिंगचे फलक, मग कुठेतरी ज्वारी. इथे मात्र रस्ता अचानक अरुंद झाला आणि दोन्ही बाजूंना मका लागला. मी नगररचनेतला माणूस, मला शेताच्या आधी ती रेघ दिसली. "इथे बिल्डर कसे आले नाहीत रे?" असं विचारलं, तर तो गाडी चालवता चालवता म्हणाला, "दादा, इथून पुढे ड्रेनेजच नाही. विहीर आणि सेप्टिक टँक."

पुढे या प्रकरणाचे कागद वाचले तेव्हा कळलं की अर्धं उत्तर त्याने तिथेच देऊन टाकलं होतं. उरलेलं अर्धं ‘टीडीआर’ या तीन अक्षरांत आहे, म्हणजे बांधकामाचा हक्क एका जमिनीवरून दुसरीकडे नेणं. ती आपल्याला पाठ आहेत, पण भलत्याच कारणासाठी.

मॉन्टगोमेरी काउंटी मेरिलँड राज्यात आहे, वॉशिंग्टनला वायव्येकडून चिकटलेली. क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस मैल, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढं. काउंटीला आपण सवयीने ‘जिल्हा’ म्हणतो, पण अधिकार आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी पुढचे. शाळांचा निधी, मालमत्ता कर आणि मुख्य म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हे बहुतेक ठिकाणी काउंटीचं निवडून आलेलं मंडळच ठरवतं. १९५० साली इथे १ लाख ६४ हजार माणसं होती. १९७० साली ५ लाख २३ हजार. २०२० च्या जनगणनेत १० लाख ६२ हजार. राजधानी वाढत गेली आणि तिची नोकरदार माणसं इथे राहायला आली. अशा जागी आज ९३ हजार एकर, जवळजवळ एक तृतीयांश काउंटी, शेतीसाठी राखलेली आहे.

पाचर आणि पट्टे

सुरुवात १९६४ च्या सर्वसाधारण आराखड्यापासून होते. त्याची कल्पना हाताच्या पंजासारखी आहे. वाढ बोटांत होऊ द्यायची, म्हणजे मोठ्या रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या पट्ट्यांत. दोन बोटांमधली पाचर मोकळी ठेवायची, शेती आणि रानासाठी. नकाशावर हे फार देखणं दिसतं. अडचण एवढीच होती की पाचरीतल्या जमिनीचं झोनिंग दोन एकराला एक घर असं होतं. नकाशा म्हणत होता शेत, आणि नियम म्हणत होता प्लॉट. अशा भांडणात नियमच जिंकतो.

म्हणून १९७३ मध्ये नियम कडक केला: काउंटीच्या वरच्या भागात पाच एकराला एक घर. ऐकायला शेतीच्या बाजूचा वाटतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला तर तो चैनीचा वाटेल, कारण २०१५-१६ च्या कृषिगणनेत आपलं सरासरी खातंच १.३४ हेक्टर होतं, म्हणजे साडेतीन एकरांच्याही आत. आपल्याकडे पाच एकरांत एक घर जगतं, निदान जगल्यासारखं करतं.

पण तिथे पाच एकर घेणारा माणूस शेतकरी नव्हता. तो वॉशिंग्टनला नोकरी करणारा, मोकळी हवा हवी असणारा. शंभर एकरांच्या शेताचे वीस तुकडे झाले की प्रत्येकात एक मोठं घर, घरापर्यंतचा डांबरी रस्ता, पुढे हिरवळ, मागे शोषखड्डा. उरलेल्या चार एकरांत ट्रॅक्टर फिरवायला कोणी येत नाही, कारण वीस मालकांशी वीस बोलणी कोण करणार? अशा तुकड्याबद्दल तिकडचे लोकच म्हणतात की नांगरायला फार लहान आणि गवत कापायला फार मोठा. शेजारच्या खऱ्या शेतकऱ्याचीही पंचाईत होते. खताचा वास येतो, पहाटे यंत्रं वाजतात, अरुंद रस्त्यावर कापणीयंत्रामागे गाड्यांची रांग लागते, आणि तक्रारी सुरू होतात. शेतं कमी झाली की यंत्रदुरुस्तीचं दुकान बंद पडतं, बियाणंवाला लांब जातो. शेतीला सोबत लागते, एकट्या शेताला फार दिवस तग धरता येत नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धडा १९८० चा नाही, या मधल्या सात वर्षांचा आहे. विरळ वस्ती म्हणजे ग्रामीण भाग, ही समजूत चुकीची निघाली. दाट वस्तीने एकरभर जमीन खाल्ली तर शंभर कुटुंबं राहतात. पाच एकरांच्या नियमाने शंभर कुटुंबांसाठी पाचशे एकर खाल्ले आणि वर शेती वाचवल्याचा देखावा केला. नियम नसता तर निदान कोणी फसलं तरी नसतं.

हक्क जमिनीपासून वेगळा काढला

१९७२ पासून काउंटीच्या नियोजन मंडळाचे अध्यक्ष होते रॉइस हॅन्सन. मंडळापुढे वाटा थोड्या होत्या. जमीन विकत घ्यायची तर राजधानीच्या दारात तेवढा पैसा कुठून आणायचा? राज्याने १९७७ मध्ये शेतजमिनीवरचे बांधकामाचे हक्क विकत घेणारी संस्था काढली होती, पण तिचा निधी आणि इथले भाव यांची गाठ पडणं कठीण होतं. तिसरी वाट म्हणजे नुसतं झोनिंग बदलायचं, एका रात्रीत पाचाचे पंचवीस एकर करायचे. मग शेतकरी कोर्टात जाणार हे उघड होतं, आणि त्यांची बाजूही लंगडी नव्हती. शेतकऱ्याची जमीन हीच त्याची पेन्शन, तीच बँकेतलं तारण. बियाण्यासाठी आणि ट्रॅक्टरसाठी घेतलेलं कर्ज जमिनीच्या प्लॉटभावावर उभं असतं. तो भाव सरकारने पुसला की सावकार दारात.

ऑक्टोबर १९८० मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याने कडक झोनिंग आणि हक्कांचा मोबदला या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. घर बांधायचं तर पंचवीस एकराला एकच. पण विकायला हक्क मात्र जुन्याच हिशेबाने, पाच एकराला एक. आकडा पंचवीस का, तर तेवढ्या जमिनीवर भाजीपाला, फळं अशी थेट गिऱ्हाइकाला विकायची पिकं घेऊन एक शेतकरी कुटुंब तगू शकेल असा हिशेब मांडला गेला होता.

शंभर एकरांचा मालक घ्या. जुन्या नियमाने त्याला वीस घरं बांधता आली असती, म्हणून त्याच्या नावावर वीस हक्क. प्रत्यक्ष बांधता येतात फक्त चार घरं. ती चार राखून तो सोळा हक्क बिल्डरला विकू शकतो. बिल्डर ते शेतात वापरत नाही. काउंटीने नेमून दिलेल्या दुसऱ्या भागात, जिथे पाणी, ड्रेनेज, बस, शाळा आहेत, तिथे तो मूळ मर्यादेपेक्षा जास्त घरं बांधतो. भाव दोघांत ठरतो, काउंटी ठरवत नाही. व्यवहार झाला की शेताच्या कागदपत्रांवर कायमचा करार नोंदला जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘इतर हक्कां’त असा बोजा चढतो जो कर्ज फेडून उतरत नाही. शेत विकलं, वारसांकडे गेलं, लिलावात निघालं तरी तो करार जमिनीबरोबर जातो.

मुंबईच्या माणसाला टीडीआर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून ठाऊक आहे. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी आरक्षित जमीन मालकाने महापालिकेला द्यायची आणि त्याबदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क घ्यायचा. तिथे जमीन हातची जाते, हक्क हातात येतो. मॉन्टगोमेरीत उलटं घडलं: हक्क गेला, जमीन शेतकऱ्याकडेच राहिली आणि कसलीही जात राहिली. काउंटीच्या तिजोरीतून जमिनीचा मोबदला द्यावा लागला नाही. मोबदला शहरात वर चढणाऱ्या मजल्यांतून आला. सुरुवातीला हक्काचा भाव काही हजार डॉलर होता. पुढे घरबांधणीच्या तेजीत तो कित्येक पटींनी चढला, आणि तेजी गेल्यावर उतरलाही. बाजारावर सोडलेल्या गोष्टीचं असंच होणार.

मातीची परीक्षा

आता मावसभावाचं वाक्य. राखीव भागात सांडपाण्याची सार्वजनिक लाइन न्यायची नाही, हे धोरण झोनिंगइतकंच जड आहे. त्यामुळे इथे घर बांधायचं तर पाणी विहिरीचं आणि मैला जमिनीत. १९८० मध्येच केंद्राच्या पर्यावरण यंत्रणेने इथला भूजलसाठा या भागाचा एकमेव जलस्रोत म्हणून जाहीर केला, तेव्हा मैला कुठल्याही मातीत मुरवून चालत नाही.

माती कशी तपासतात ते बघण्यासारखं आहे. प्लॉटवर खड्डा खणतात. आधी त्यात पाणी ओतून माती भिजवून घेतात, मग पुन्हा पाणी भरून घड्याळ लावतात. पाण्याची पातळी एक इंच खाली जायला किती मिनिटं लागतात, एवढाच प्रश्न. मेरिलँडच्या नियमांप्रमाणे दोन मिनिटांपेक्षा कमी लागली तर माती फार मोकळी, मैला न गाळताच विहिरीकडे जाईल. तीस मिनिटांपेक्षा जास्त लागली तर माती घट्ट, मैला वर येईल. दोन्ही बाजूंनी नापास. भूजलाची पातळी कळावी म्हणून काही ठिकाणी ही तपासणी हिवाळ्याअखेर, जमीन पाण्याने भरलेली असताना करावी लागते. लाखो डॉलरच्या व्यवहारात सगळ्यांचे डोळे एका ओल्या खड्ड्यातल्या मोजपट्टीवर लागलेले असतात. आपल्याकडे एन.ए.च्या फायलीला जे वजन असतं ते तिथे या खड्ड्याला आहे.

इथेच पहिली गळती झाली. घट्ट मातीच्या कित्येक जमिनींवर घर होणारच नाही, असं बरेच जण धरून चालले होते. पुढे वाळूच्या उंचवट्याची पद्धत आली. नैसर्गिक माती नापास झाली तर तिच्यावर ठरावीक जाडीचा वाळूचा ढिगारा रचायचा आणि सांडपाणी पंपाने त्यात सोडायचं. ज्या जमिनी मातीने वाचवल्या होत्या त्या तंत्रज्ञानाने उघड्या केल्या. ज्याची सगळी भिस्त निसर्गाच्या नकारावर असते त्या नियोजनाला हा धोका कायमचा असतो.

ड्रेनेजवरून दुसरं भांडण झालं ते प्रार्थनास्थळांशी. शाळा, चर्च यांसारख्या खासगी संस्थांना सांडपाण्याची जोडणी मिळण्यासाठी वेगळी सवलत होती. शहरातल्या जागेचे भाव चढल्यावर मोठी चर्चेस राखीव भागातली स्वस्त जमीन घेऊ लागली, आणि एका जोडणीसाठी आलेली लाइन वाटेतल्या सगळ्या शेतांना मोहात पाडणार हे दिसू लागलं. २००५ मध्ये काउंटीने राखीव भागासाठी ही सवलत काढली. पुढे हक्क विकलेल्या जमिनींवर अशा संस्थांना बांधकामही बंद केलं. ११९ एकर घेऊन बसलेल्या एका चर्चने केंद्राच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याखाली दावा लावला. खालच्या कोर्टात हरलं, पण २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो दावा असा झटकून टाकता येणार नाही, पुढे चालला पाहिजे, असं सांगितलं. शेतीचं नियोजन कितीही नीट बांधलं तरी एखादा वरचा कायदा त्याला कुठल्या बाजूने धडकेल हे सांगता येत नाही.

हक्क उतरवायचे कुठे?

शेतकऱ्यांचा राग थोडाफार शमल्यावर खरं भांडण उभं राहिलं ते दुसऱ्या टोकाला. हक्क विकले म्हणजे ते कुठेतरी उतरणार. ऑल्नी, क्लोव्हर्ली, पोटोमॅक अशा भागांतल्या रहिवाशांच्या शेजारी जास्त घरं येणार. शेतं वाचवायला सगळे तयार होते, आपल्या गल्लीत नव्हे. १९८७ मध्ये एका नागरिक संघटनेने लढवलेल्या दाव्यात राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने काउंटीला चूक दाखवली. हक्कांची योजना चालेल, पण कुठे किती जादा घरं ते नुसत्या आराखड्यात लिहून भागणार नाही, झोनिंगच्या रीतसर प्रक्रियेतूनच ठरवलं पाहिजे. काउंटीने मग त्यासाठी वेगळे झोन करून गाडी रुळावर आणली.

हक्क विकणाऱ्यांची संख्या आणि ते उतरवायच्या जागा यांचं गणित कधी नीट जुळलंच नाही. जागा कमी पडल्या की भाव पडतो, भाव पडला की शेतकरी म्हणतो, मग मी बांधूनच टाकतो.

शिवाय पाचवा हक्क, म्हणजे दर पंचवीस एकरांमागच्या पाच हक्कांतला घरासाठी राखलेला एक. वरच्या उदाहरणात मालकाने सोळा विकले, चार ठेवले. ते चार म्हणजे चार घरं, प्रत्येकी पंचवीस एकरांत. राजधानीजवळ पंचवीस एकरांची हवेली परवडणारी माणसं कमी नाहीत. म्हणजे पाच एकरांच्या नियमाचीच चूक पाचपट मोठ्या अंगणासह परत येण्याची सोय राहिली. यावर २००८ मध्ये काउंटीने हा शेवटचा हक्कसुद्धा विकत घेऊन कायमचा संपवण्याची योजना काढली. तो महाग, कारण तो कागदी नाही, त्यावर आज घर बांधता येतं. पुढे शहरी भागातल्या नव्या मिश्र झोनमध्ये उंच बांधायचं असेल तर बिल्डरने यात पैसे घालावेत असा नियम आला.

आणि मग मुलांच्या वाटण्या. हे वाचताना मला हसू आलं, कारण इथे मेरिलँड आणि मराठवाडा एकाच बांधावर येऊन बसतात. १९८१ च्या सुरुवातीपूर्वी ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना प्रत्येक अपत्यासाठी एकेक घराचा तुकडा काढून देण्याची मुभा पंचवीस एकरांच्या नियमाला अपवाद म्हणून ठेवली होती. कुटुंबाने शेत सोडू नये, पोरांनी जवळ राहावं, हा भाव. काही वर्षांत लक्षात आलं की मुलांच्या नावाने निघालेले काही प्लॉट परक्यांच्या हाती जात आहेत. २००६ मध्ये यावर समिती बसली, बराच वाद झाला, शेवटी अटी घट्ट केल्या. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आणि त्याला वळसा घालून झालेली गुंठेवारी, आणि ती नियमित करायला २००१ चा कायदा, हा प्रवास ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. बापाला सगळी पोरं सारखी, मग ती पूल्सव्हिलची असोत नाहीतर पूर्णेची.

नदीपलीकडे

योजनेचा हिशेब कसा मांडायचा? सत्तर हजार एकरांहून जास्त जमीन आज कायमच्या करारांखाली आहे. काउंटीत साडेपाचशेच्या आसपास शेतं आहेत. २०१४ मध्ये झोनिंगचं पुस्तक नव्याने लिहिलं तेव्हा या झोनचं नावच ‘कृषी राखीव’ केलं, त्याआधी ते ‘ग्रामीण घनता हस्तांतर’ असं रुक्ष होतं. अधेमधे पूल्सव्हिल हे पाच हजारांवर वस्तीचं गाव स्वतःच्या ड्रेनेजसह उभं आहे आणि अरुंद रस्ते रुंद न करता जपण्यासाठी वेगळा कार्यक्रम आहे.

तुलनेसाठी पोटोमॅक नदी ओलांडावी. समोर व्हर्जिनियातली लाउडन काउंटी. १९८० मध्ये तिथे ५७ हजार माणसं, २०२० मध्ये ४ लाख २१ हजार. तिथेही २००३ मध्ये पश्चिम भागातली घनता कमी केली होती, पण २००५ मध्ये जाहीर सूचनेतल्या त्रुटीवरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं आणि सगळं पुन्हा करावं लागलं. पूर्वेकडच्या शेतांत आता डेटा सेंटरं उभी आहेत. दोन्ही काउंटींना जोडणारी जुनी व्हाइट्स फेरी २०२० च्या डिसेंबरात पलीकडच्या धक्क्याच्या वादात बंद पडली.

पण पंचवीस एकरांत भाजीपाला पिकवून जगणारं कुटुंब हे १९८० चं चित्र फारसं उतरलं नाही, हेही सांगायला हवं. बहुतेक जमिनीवर मका, सोयाबीन, गवत आणि घोडे आहेत, आणि बरीचशी खंडाने कसली जाते. खंड वर्षा-वर्षाचा असेल तर माती सुधारायला कोण पैसा घालणार? फळझाडं तर सोडाच. जमीन वाचली म्हणून शेतकरी आपोआप वाचला असं झालं नाही. २०२१ मध्ये सौर पॅनलना परवानगी द्यायची की नाही यावर झालेला वाद हाच होता. शेवटी परवानगी मिळाली, पण सर्वांत चांगल्या दोन प्रतींच्या जमिनी वगळून.

घरांचे भाव या राखीव जमिनीमुळे चढले, असा आरोप अधूनमधून होतो. मला तो अर्धवट वाटतो. उरलेल्या दोन तृतीयांश काउंटीत मोठाल्या प्लॉटवर एकेक घर असे एकर दोन एकरांचे झोन आजही आहेत. राखीव भागाच्या कडेला तर त्यांची एक सलग झालर आहे, जुन्या आराखड्यात तिला ‘निवासी पाचर’ म्हणत. शेत नाही, शहर नाही. जागा शोधायची तर आधी तिथे शोधावी.

परतल्यावर पुण्यातल्या वर्तमानपत्रात नेहमीची जाहिरात दिसली: फार्महाउस प्लॉट, अकरा गुंठे, स्वतंत्र सातबारा. आपल्या एकत्रित विकास नियमावलीत शेती विभागात शेतघर बांधायला जमीन किमान ०.४ हेक्टर लागते, म्हणजे एकच एकर. मावसभावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ड्रेनेज आहे का?" प्रत्येक प्लॉटला शोषखड्डा आहे, असं कळवलं. पाणी मुरायला किती मिनिटं लागतात ते जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.